बावन्नाचा अंदाज

३ फेब्रुवारी

बँकेच्या लेखी परीक्षेचे गुण कळले. मला ऐंशीपैकी एक्केचाळीस, वहिनीला साडेसदतीस. दोघींनाही मुलाखतीचं बोलावणं! आईने आम्हा दोघींना एकदम जवळ घेतलं, त्यात माझ्या चष्म्याची दांडी वाकली. दादा लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो, त्याने ती कामाच्याच पकडीने सरळ केली. आता चष्मा डाव्या कानाकडे झुकतो, पण आज कुणावर चिडायचं नाही असं ठरवलंय.

एकाच घरातून नणंद आणि भावजय एकाच परीक्षेला बसल्या याचं अख्ख्या जिन्याला कौतुक. शेजारीण म्हणाली, "एका म्यानात दोन तलवारी कशा राहतात गं?" वहिनी म्हणाली, "एक स्वयंपाकघरात असते, एक अभ्यासिकेत." खरंच आहे ते. वहिनी दिवसभर एका दवाखान्याच्या खिडकीत बसते, नंबर पुकारते, लोकांची बोलणी खाते आणि घरी येऊन अभ्यास करते. मी पूर्णवेळ अभ्यास करते. माझ्या हातात अजून दोन वर्षं आहेत. तिची मात्र वयाची मर्यादा या वर्षी संपते.

ही वही मुद्दाम सुरू केली आहे. मुलाखतीत "आत्मपरीक्षण करता का?" असं विचारलं तर खोटं बोलायला नको.

५ फेब्रुवारी

अभ्यासिकेत पाऊल टाकलं आणि सगळे गूळ सापडलेल्या मुंग्यांसारखे जमले. "अंदाजपंचे, सांग की, किती लागणार?"

अंदाजपंचे म्हणजे मी. चिडवायला ठेवलेलं नाव, आता मानाचं झालंय. लेखीचे ऐंशी आणि मुलाखतीचे वीस, अशा शंभरातून शेवटी ज्या गुणांपर्यंत माणसं घेतात तो कटऑफ. बँक तो आधी सांगत नाही. निकालाच्या दिवशीच कळतो. पण गेली तीन वर्षं मी आधी सांगितलेला आकडा एखाद्या गुणाच्या आत-बाहेर खरा ठरलाय. दादासुद्धा घरात मला 'पंचे' म्हणतो.

लोकांना वाटतं मी मनाला येईल ते ठोकून देते. तसं नाही. जागा किती, बोलावणी किती, मागच्या वर्षांचे आकडे काय, हे तर कुणीही मांडेल. माझी खरी मेहनत माणसं वाचण्यात आहे. जो आधी "तुला किती?" विचारतो, त्याला कमी असतात. जो "बरे आहेत" म्हणून पाणी प्यायला उठतो, त्याला भरपूर असतात. गुण सांगताना जो छताकडे बघतो, त्याचे दोन कापायचे. आणि जे येतच नाहीत त्यांनाही धरावं लागतं. अभ्यासिकेचा मालक म्हणतो, हिने पोलिसात जायला हवं होतं.

८ फेब्रुवारी

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळं मांडलं. तीनदा मांडलं. तिन्ही वेळा बावन्न.

माझा हिशोब: एक्केचाळीस अधिक मुलाखतीचे तेरा, एकूण चोपन्न. मी आत. मुलाखतीत बहुतेकांना दहा-अकरा मिळतात. तेरा म्हणजे चांगली झाली असं समजायचं. मला तेरा मिळायला काहीच हरकत नाही, मी बोलते छान.

मग वहिनीचा मांडला. साडेसदतीस अधिक दहा. साडेसत्तेचाळीस. पुन्हा मांडला, अकरा धरून. मग पेन्सिल ठेवली.

९ फेब्रुवारी

जेवताना वहिनीनेच विषय काढला.

"ताई, आकडा निघाला का गं?"

मी घास गिळला. खोटी आशा लावणं मला जमत नाही. म्हटलं, "बावन्न. म्हणजे तुला मुलाखतीत पंधरा लागतील. पण विसातले पंधरा कुणाला मिळत नाहीत वहिनी. शंभरात एखाद्याला. तू मनाला लावून घेऊ नकोस."

दादाचा हात ताटावरच थांबला. आई मीठ शोधायला लागली, ते तिच्या समोरच होतं.

वहिनी म्हणाली, "पंधरा."

"हो."

"चौदा नाही चालणार?"

"साडेचौदा. पण पंधराच धर."

"बरं," म्हणाली आणि मला अजून भात वाढला.

किती समजूतदार आहे. मी असते तर ताट आपटलं असतं. एक घाव दोन तुकडे झाले ते बरंच झालं, उगाच महिनाभर झुरण्यापेक्षा.

११ फेब्रुवारी

मागची छोटी खोली मी घेतली. तिथे आरसा आहे, दार बंद होतं, मुलाखतीच्या तयारीला याहून चांगली जागा नाही. आत्तापर्यंत वहिनी तिथे अभ्यासाला बसायची. आता तिला गरज नाही. मी विचारलं तर लगेच पुस्तकं उचलून बाहेर नेली. जाताना फडक्याने टेबलही पुसून दिलं. मला उगाच अपराधी वाटलं. पण दोघींनी बुडण्यापेक्षा एकीने तरी पैलतीर गाठलेला बरा.

१४ फेब्रुवारी

तयारी जोरात. रोज सकाळी आरशासमोर स्वतःची ओळख. आज व्याजदरांवर स्वतःलाच असं झकास उत्तर दिलं की टाळी वाजवावीशी वाटली.

वहिनीचं मात्र बरं दिसत नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते ती तासभर येत नाही. मघाशी बघायला गेले तर चादरींच्या मागे उभी राहून पुटपुटत होती. मला बघून गप्प झाली. मनाला लागलंय तिच्या. मी काही न बोलता चिमटे दिले आणि खाली आले.

१७ फेब्रुवारी

आईची काळजी वाटते. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आज मी आंघोळ करत होते तर बाहेरून तिचा तो जुना, इस्त्री केलेला आवाज: "आपलं पूर्ण नाव? पुढे बोला. ऐकू येत नाही, स्पष्ट बोला." बाहेर आले तर आई आणि वहिनी पालक निवडत होत्या.

"आई, कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही गं. जुनं आठवलं."

दादाला म्हटलं, एकदा तपासून घे तिला. तो म्हणाला, "हो हो, बघतो," आणि खोकत खोकत निघून गेला. या घरात कुणाला कशाचं गांभीर्य नाही.

२० फेब्रुवारी

आज दादाला चांगलंच फैलावर घेतलं.

मी मागच्या खोलीत अर्थसंकल्पाचं वाचत होते. स्वयंपाकघरातून दादाचा आवाज चढला. "माझं कार्ड मशीनने गिळलं! तासभर उभा आहे! तुम्ही इथे झोपा काढायला बसलाय का?" आणि वहिनीचा शांत आवाज, "साहेब, आधी बसा. पाणी घ्या. कार्ड कुठे जात नाही." दादा आणखी ओरडला. ती परत तेवढंच शांतपणे म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मीही ओरडले असते. कुठल्या मशीनला गेला होतात, एवढंच सांगा."

बिचारीने नवऱ्याला साहेब म्हणावं इतका तो तापला होता! मी दार ढकलून आत गेले. "लाज वाटते का रे? तुझं कार्ड अडकलं यात हिचा काय दोष? दिवसभर दवाखान्यात लोकांचं ऐकते आणि घरी तुझंही ऐकायचं का?"

दादा तोंड वासून उभा. वहिनीने पदार्थ करपल्यासारखं एकदम कढईत डोकं घातलं. तिचे खांदे हलत होते. रडत होती बहुतेक. मी दादाला सांगितलं, आधी तिची माफी माग. त्याने मुकाट्याने मागितली. मग मी कार्ड शोधायला मदत करते म्हटलं तर ते त्याच्या खिशातच निघालं. धन्य आहे.

२३ फेब्रुवारी

रविवार. दादा वहिनीला घेऊन कामावर गेला! नव्या इमारतीत लिफ्ट बसवली आहे, अजून तिथे राहायला कुणी आलेलं नाही, तर "जरा वर-खाली करून बघायची आहे," म्हणे. लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत. दुपारी गेलेली माणसं संध्याकाळी परत आली. वहिनीचा घसा बसलेला आणि चेहरा मात्र उजळलेला. लग्न जुनं झालं तरी हौस आहे हो. त्या दिवशी मी कान उपटले त्याचा परिणाम दिसतोय.

२६ फेब्रुवारी

लांब्या आठवडाभर अभ्यासिकेत नाही. आमच्यातला सगळ्यात विनोदी आणि सगळ्यात उंच. त्याच्या मेहुण्याचं फरशांचं दुकान आहे, तिथे सापडला. ग्राहकाला नमुने दाखवत होता.

"मुलाखत परवा आहे ना तुझी? इथे काय करतोयस?"

"नाही जाणार."

"का?"

"मला अडतीस. तुझ्या बावन्नात मी बसतो का? चौदा हवेत. तूच म्हणतेस, मिळत नाहीत." मग हसून म्हणाला, "तुझा आकडा कधी चुकलाय का?"

मी म्हटलं, जाऊन तर ये. तो म्हणाला, "प्रवास करून नापास व्हायला जाऊ? इथे बसूनही होता येतं." नंतर मला फरशांचे प्रकार सांगत बसला.

मी काही त्याला जाऊ नकोस म्हटलं नव्हतं. मी फक्त आकडा सांगितला. हवामान खात्याने पाऊस सांगितला म्हणून कुणी घरात बसलं तर दोष खात्याचा नसतो. तरी जेवण गेलं नाही.

३ मार्च

मुलाखत झाली! आमची दोघींची एकाच दिवशी होती. खरं तर वहिनीला म्हटलं होतं, कशाला रजा घालवतेस. ती म्हणाली, "बोलावलंय तर जाऊन येते. तुलाही सोबत होईल." कडक इस्त्री, केस घट्ट बांधलेले. मला वाटलं माझा उत्साह वाढावा म्हणून एवढं नटली.

माझी मुलाखत म्हणजे काय सांगू, बहार आली. समोर चार जण. मधल्या टकल्या साहेबांनी छंद विचारला. मी म्हटलं, कटऑफचा अंदाज. चौघेही पुढे सरकले.

"मग या वर्षीचा किती?"

"बावन्न."

"चुकला तर?"

"चुकत नाही."

हसले सगळे. मग म्हणाले, "आणि आज आमच्याकडून तुम्हाला किती मिळणार?" मी बेधडक म्हटलं, "तेरा." पुन्हा हसले. कोपऱ्यातल्या बाईंनी विचारलं, एखादा ग्राहक चिडून अंगावर आला तर? मी म्हटलं, नियम दाखवीन, नियमापुढे कुणाचं चालत नाही. त्यांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. एकदाही अडखळले नाही. पाचच मिनिटांत "या तुम्ही." एवढ्या लवकर खात्री पटली त्यांची.

वहिनी आत गेली ती गेलीच. चांगलीच उलटतपासणी घेतली असणार. बाहेर आली तर मी पाण्याची बाटली पुढे केली.

"काय विचारलं?"

"दवाखान्यातलंच विचारत होते. रांगेत भांडणं होतात तेव्हा काय करता, वगैरे. मी सांगितलं."

"बँकेचं काहीच नाही?"

"शेवटी थोडं."

मी तिचा हात दाबला. परत येताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. मी तिला उठवलं नाही.

१२ मार्च

वाट बघणं. अभ्यासिकेत पैजा लागल्या आहेत, बावन्न येतो की नाही. मी म्हणते, खुशाल लावा. लांब्याला निरोप पाठवला, उत्तर नाही.

१ एप्रिल

आज नको म्हटलं होतं, पण निकाल आजच लागला. आधी वाटलं, कुणीतरी एप्रिल फूल करतंय.

कटऑफ बावन्न पूर्णांक एक.

फोन थांबेचना. "मानलं बुवा, अंदाजपंचे!" "देवमाणूस आहेस!" "हिला बँकेनेच ठेवून घ्यायला पाहिजे!" अभ्यासिकेच्या मालकाने टाळ्यांचा आवाज पाठवला. त्या टाळ्या वाजत असतानाच मी यादीत माझा नंबर शोधत होते. खाली गेले, वर आले, परत खाली गेले.

माझा नंबर नव्हता.

गुणपत्रक उघडलं. लेखी एक्केचाळीस. मुलाखत दहा. एकूण एक्कावन्न. हजारो अनोळखी माणसांचा आकडा मला दशांशापर्यंत कळला आणि स्वतःचा कळला नाही.

मग स्वयंपाकघरातून आईची किंकाळी. वाटलं, काहीतरी सांडलं. धावत गेले तर आई वहिनीच्या गळ्यात पडून रडत होती आणि दादा जमिनीवर बसला होता. वहिनीला मुलाखतीत पंधरा. एकूण साडेबावन्न.

मी "अभिनंदन" म्हटलं. मिठी मारली. चष्मा परत वाकला. मग मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. इथे खरं लिहायचं असं ठरवलंय म्हणून लिहिते: मला वहिनीचा राग आला. खूप आला. तिच्या शेवटच्या संधीचं सोनं झालं आणि मला आनंद होईना, याचा स्वतःचाही राग आला.

२ एप्रिल

सकाळी वहिनी चहा घेऊन आत आली. दार वाजवलं, ही तिची एके काळची खोली असून.

मी म्हटलं, "कशी तयारी केलीस?"

तिने सांगितलं. गच्चीवर चादरींसमोर. आईसमोर, पालक निवडताना. रविवारी लिफ्टमध्ये, वर-खाली, वर-खाली, प्रत्येक मजल्याला एक उत्तर. आणि दादा चिडका ग्राहक.

म्हणजे कार्ड मशीनने कधी गिळलंच नव्हतं. आणि मी त्याला माफी मागायला लावली. एरवी हसले असते.

"माझ्यापासून का लपवलंत?"

"लपवलं नाही गं. तू एवढ्या काळजीने मला 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणालीस. तुझ्यासमोर तयारी केली असती तर तुला वाटलं असतं, माझ्यावर विश्वास नाही." तिने कप माझ्याकडे सरकवला. "आणि तू मध्येच आकडा सांगितला असतास, आत्ता बारा, आत्ता साडेअकरा. मला भीती वाटली."

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"पण ताई, तुझ्यामुळेच झालं हे. खरंच सांगते. इतकी वर्षं सगळे मला म्हणायचे, बघ, प्रयत्न कर, झालं तर झालं. कुणी आकडा सांगितलाच नव्हता. तू म्हणालीस, पंधरा लागतील. मग डोक्यात एवढंच राहिलं, पंधरा आणायचे."

"मी नुसतं लागतील नव्हते म्हणाले. कुणाला मिळत नाहीत, असंही म्हणाले होते."

"हो," वहिनी म्हणाली. "ते मी तिथेच ताटात सोडलं."

चहा गार झाला होता तरी मी प्यायले. तोच आकडा मी लांब्याच्या हातात दिला आणि तोच वहिनीच्या. आणि स्वतःच्या हिशोबात मात्र मी तेरा असे लिहून टाकले होते जसे ते घरात डब्यात ठेवलेले आहेत. वहिनीचे दहा लिहिताना मी तिला एकदाही बोलताना ऐकलं नव्हतं. चार वर्षं एका घरात राहून!

५ एप्रिल

फरशांच्या दुकानात गेले. लांब्या म्हणाला, "ये, देवमाणूस." मी म्हटलं, गप रे. पुढच्या भरतीचा अर्ज जूनमध्ये निघेल, तुझं वय बसतंय, तू भरायचा. तो म्हणाला, "किती लागतील?" जिभेवर आलं होतं. म्हटलं, "लेखी होऊ दे, मग सांगीन. पण तुला मिळतील का, हे मला विचारायचं नाही. मला माहीत नसतं ते."

त्याने बराच वेळ एका फरशीवरची धूळ पुसली. "मेहुण्याला विचारून बघतो, सकाळची सुट्टी मिळते का," म्हणाला. हो म्हणाला नाही. मी उद्या परत जाणार आहे. आणि परवाही. दुकान काही पळून जात नाही.

९ एप्रिल

मागची खोली सोडली. तिथे आता वहिनीचं सामान, कामावर रुजू व्हायची कागदपत्रं आणि तिचे दोन नवे शर्ट. मी पुस्तकं घेऊन बाहेरच्या टेबलावर आले. जाताना खोलीतलं टेबल पुसलं.

संध्याकाळी म्हटलं, "माझी मुलाखत घ्या."

"पण ताई, अजून अर्जसुद्धा निघाला नाही," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर."

स्वयंपाकघरात तीन खुर्च्या मांडल्या. मला स्टूल, त्याचा एक पाय आखूड. आईने पदर सारखा केला आणि तो टेलिफोन खात्यातला आवाज लावला, "आपलं पूर्ण नाव? पुढे बोला." मी बोलले. दोन वाक्यांत अडखळले. "स्पष्ट बोला, ऐकू येत नाही." परत बोलले.

वहिनीने विचारलं, "तुमची कमजोरी काय?"

मी तयार उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "मी लोकांचे आकडे लवकर सांगते. त्यांचं ऐकून घ्यायच्या आधी."

वहिनीने मान हलवून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही, मी डोकावले तर हात आडवा धरला.

"किती दिलेस?"

"पाच."

"विसातले पाच?"

"आज पाच. किती हवेत तुला?"

मी मनात मांडलं. लेखी याच वर्षीएवढी झाली तर बारा पुरतील. म्हटलं, "पंधरा."

एवढ्यात दादा खुर्ची मागे लोटून उठला, लाल होऊन टेबलावर मूठ आपटली. "माझं कार्ड मशीनने गिळलंय! त्यात घरात एक बहीण आहे, ती मलाच झापते! इथे कुणी ऐकणारं आहे की नाही?"

आई तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या ओठांवर नियम आला होता. तो गिळला, स्टुलावरून उठले आणि माझं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"साहेब," मी म्हटलं, "आधी बसा."